या केसचा नायक कोण?

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी मी पपईवर केस लिहिली. वर्गातली बाकीची मंडळी इलेक्ट्रिक स्कूटर, कॉफीच्या साखळ्या आणि दहा मिनिटांत किराणा पोचवणारी ॲप यांच्या मागे होती. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. पपई माहीत होती. प्रकाशाला, तापी आणि गोमाई मिळतात तिथून थोडं वर आमचं शेत आहे.

ज्यांनी अशी केस कधी वाचली नाही त्यांच्यासाठी : केस म्हणजे धंद्यातल्या एखाद्या पेचाची लिहून काढलेली हकिगत. हार्वर्ड बिझनेस स्कूलने शंभरेक वर्षांपूर्वी ही पद्धत रुळवली आणि १९६१ साली त्यांच्या मदतीने अहमदाबादची आयआयएम उभी राहिली, तेव्हा ती आपल्याकडे पसरायला लागली. सुरुवात बहुतेकदा ठरलेली. कुणी मोठा अधिकारी ऑफिसच्या खिडकीतून बाहेर बघत असतो, संध्याकाळ झालेली असते आणि सोमवारच्या बैठकीआधी त्याला काहीतरी ठरवायचं असतं. मग पंधरा-वीस पानं आकडे आणि तक्ते. वाचणाऱ्याने त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसायचं आणि निर्णय द्यायचा.

माझी केस दराची होती. पपईचा दर ठरवायला शहाद्याच्या बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी समोरासमोर बसतात. माल उत्तरेकडे जातो. व्यापारी म्हणतात, तिकडे थंडी पडलीय, उठाव नाही. शेतकरी म्हणतात, मग आमच्या खर्चाचं काय? बोलणी फिसकटली की तोड थांबते आणि फळ झाडावरच पिवळं पडायला लागतं. कापूस घरात भरून ठेवता येतो, पपई नाही. मी हे सगळं मायकेल पोर्टरच्या पाच शक्तींच्या चौकटीत बसवलं : ग्राहकाची ताकद, पुरवठादाराची ताकद, नवे स्पर्धक, पर्यायी वस्तू, आपसांतली चढाओढ. खर्चाचा तक्ता जोडला. रोपं, ठिबक, खतं, मजुरी, फवारणी. पाच रकाने, खाली बेरीज.

सरांनी पहिल्या पानावर लाल पेनाने एकच वाक्य लिहून ती परत दिली. 'या केसचा नायक कोण?'

मी लिहिलं, माझे वडील. सर म्हणाले, ठीक. गुण बरे मिळाले. सुट्टीत घरी आलो तेव्हा आबांना सांगितलं की तुम्ही माझ्या केसचे नायक आहात. ते म्हणाले, "दर व्यापारी ठरवतो, पाऊस देव ठरवतो. मी कसला नायक?"

सर मूळचे प्राध्यापक नव्हते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सव्वीस वर्षं काढून, उपाध्यक्षपदावरून उतरून ते आम्हाला स्ट्रॅटेजी शिकवायला आले होते. अशा माणसांसाठी आता सरकारी दारही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाचं पद आणलं. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव, तोही वरच्या पातळीवरचा. पीएचडीची अट नाही. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा नाहीत. आणि एका संस्थेत तीन वर्षं, फार तर आणखी एक. म्हणजे अनुभव हवा आहे, पण पाहुणा म्हणून. त्या नियमावलीत ग्रामविकास, सेंद्रिय शेती अशी क्षेत्रंही आहेत. त्या वाटेने कुणी एमबीएच्या वर्गात आलेलं मी तरी पाहिलं नाही. आमच्याकडे आले ते उपाध्यक्षच.

दोन सर होते, असं मी नेहमी म्हणतो. एक वर्गातले. स्लाइड्स, चौकटी, बाण, दोन-बाय-दोनचे तक्ते. दुसरे कॉलेजच्या मागच्या टपरीवरचे. तिथे त्यांनी एकदा कारखान्यातल्या संपाची गोष्ट सांगितली. बोलणी तुटलेली, वकील दोन्हीकडून तयार, आणि हे कँटीनमध्ये जाऊन कामगारांच्या बाकावर जेवायला बसले. पहिले दोन दिवस कुणी शेजारी बसलं नाही. तिसऱ्या दिवशी एक जण बसला आणि म्हणाला, साहेब, भांडण पगाराचं नाही, संडासाचं आहे. नव्या शेडमध्ये तीनशे माणसं आणि संडास लांब. जाऊन येण्याची मिनिटं कापली जात होती. मागणीपत्रकात हे कुठेच नव्हतं, कारण ते लिहायची लाज वाटत होती.

मी विचारलं, हे वर्गात का सांगत नाही? सर म्हणाले, "याचा पेपर होत नाही रे." कॉलेजला मानांकनासाठी शोधनिबंध हवे होते आणि सरही बिचारे त्या वयात संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकत होते. ज्या गोष्टीसाठी त्यांना बोलावलं होतं, तीच दाराबाहेर काढून ठेवायची होती, चपलांसारखी.

सुमंत्र घोषाल यांचा निबंध माझ्या हाती लागला तो या दिवसांत. फोनवर, पीडीएफमध्ये, बोटांनी मोठा-लहान करत मी तो वाचला आणि मला पहिल्यांदा वाटलं की सरांचं दुखणं एकट्या सरांचं नाही.

घोषाल कोलकात्याचे, पदवी भौतिकशास्त्राची. इंडियन ऑइलमध्ये ते व्यवस्थापक होते आणि १९८१ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी एमआयटी आणि हार्वर्ड अशा दोन डॉक्टरेट जवळपास एकाच वेळी मिळवल्या. पुढे फ्रान्समधलं इन्सियाड, मग लंडन बिझनेस स्कूल. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे ते संस्थापक डीन होते. ख्रिस्तोफर बार्टलेट यांच्यासोबत त्यांनी १९८९ साली 'मॅनेजिंग अक्रॉस बॉर्डर्स' लिहिलं, अनेक देशांत पसरलेल्या कंपन्या कशा चालतात त्याबद्दल. बार्टलेटही प्राध्यापक होण्याआधी कंपन्यांमध्ये काम केलेले, एका अमेरिकी कंपनीची फ्रान्समधली शाखा सांभाळलेले. म्हणजे स्ट्रॅटेजीच्या अभ्यासातलं हे गाजलेलं पुस्तक दोन माजी मॅनेजरांनी लिहिलं आहे.

मी म्हणतोय तो निबंध मात्र घोषाल यांनी एकट्याने लिहिला. २००४ च्या मार्चमध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते अचानक गेले आणि २००५ साली तो छापून आला. नाव 'बॅड मॅनेजमेंट थिअरीज आर डिस्ट्रॉइंग गुड मॅनेजमेंट प्रॅक्टिसेस'. व्यवस्थापनाचे वाईट सिद्धांत चांगल्या व्यवस्थापनाचा नाश करताहेत, असं सरळ शीर्षकातच.

एन्रॉन बुडून फार दिवस झाले नव्हते. बिझनेस स्कूलं लगबगीने नीतिशास्त्राचे कोर्स सुरू करत होती. घोषाल यांचं म्हणणं असं की नवं काही शिकवण्याआधी, तुम्ही जे शिकवता त्यातलं पुष्कळ शिकवणं बंद करा. तुम्हीच तीस वर्षं सांगत आलात की मॅनेजरवर विश्वास टाकता येत नाही, म्हणून त्याला शेअर्सचं आमिष दाखवून मालकांच्या बाजूला खेचलं पाहिजे; कामगार संधी मिळाली की अंग चोरणार, म्हणून त्याच्यावर पहारा हवा. मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांचा १९७६ चा प्रसिद्ध लेख, ऑलिव्हर विल्यमसन यांचा व्यवहार-खर्चाचा सिद्धांत, सगळ्यांच्या मुळाशी माणसाबद्दलची एकच काळवंडलेली समजूत आहे, असं ते दाखवत जातात.

मग येतो तो निबंधातला, माझ्या मते, सर्वांत मोलाचा भाग. भौतिकशास्त्रातला सिद्धांत चुकला तर कणांना फरक पडत नाही. ते होते तसेच वागत राहतात. माणसांबद्दलचा सिद्धांत मात्र पुरेशा लोकांना शिकवला की माणसं तसं वागायला लागतात. कामगार कामचुकार आहे असं धरून तुम्ही पहारा बसवता. पहाऱ्याखालचा माणूस मन काढून घेतो. मग तुम्ही म्हणता, बघा, कामचुकारच होता. सिद्धांत खरा ठरला! हे वाचताना मला सरांच्या कारखान्यातली ती कापलेली मिनिटं आठवली. घड्याळ कुणीतरी कुठल्यातरी सिद्धांतावर विश्वास ठेवूनच बसवलं असणार.

पाच शक्तीही घोषाल यांच्या तावडीतून सुटत नाहीत. पोर्टरच्या चौकटीत कंपनीची झुंज फक्त दुसऱ्या कंपनीशी नसते. आपल्याच ग्राहकांशी, पुरवठादारांशी, कामगारांशी ओढाताण करून जास्तीत जास्त वाटा काढून घ्यायचा, म्हणजे स्ट्रॅटेजी. पोर्टरने १९८० च्या पुस्तकात श्रमिकांनाही पुरवठादारांत मोजायला सांगितलं आहेच. मी माझ्या केसमध्ये ते इमानदारीने केलं होतं. मजुरी : चौथा रकाना. पुरवठादाराची ताकद : कमी. मला त्यात काहीच खटकलं नव्हतं, आणि सरांनाही नाही.

मालक कोण, यावरही घोषाल यांचा एक साधा मुद्दा आहे. भागधारक आज शेअर विकून मोकळा होतो. त्याची जोखीम दहा कंपन्यांत वाटलेली असते. कामगाराला आपली जोखीम अशी वाटून ठेवता येत नाही, त्याचं सगळं आयुष्य एकाच कंपनीत गुंतलेलं असतं. मग जास्त धोका कोण पत्करतो? हे वाचायला सोपं वाटतं, पण वित्तशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न विचारून बघा.

इतकं सगळं पटूनही हा निबंध मला पुरा पटलेला नाही.

एक म्हणजे सिद्धांतांना ते फार मोठं श्रेय देतात, वाईट कामाचं का होईना. आमच्याकडे पपईचा दर पाडणाऱ्या व्यापाऱ्याने जेन्सन-मेकलिंग वाचलेले नाहीत. मजुराला वर्षभरासाठी बांधून घेण्याची पद्धत बिझनेस स्कूलांच्या आधीची आहे. वाईट सिद्धांताने हावरेपणाला इस्त्रीचे कपडे दिले असतील. हावरेपणा त्याने जन्माला घातला नाही. प्राध्यापकाला आपल्या शिकवण्याने जग बिघडतं असं वाटणं, हाही प्राध्यापकी अहंकाराचाच एक प्रकार नाही का, अशी शंका मला मधूनमधून येते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. घोषाल यांनी इंडियन ऑइलमध्ये उमेदीची वर्षं घालवली. सरकारी तेल कंपनी, सत्तरच्या दशकातला भारत, तुटवडा, परवाने, युनियन. त्यांनी काय काय पाहिलं असेल! या निबंधात त्यातला एकही प्रसंग रंगवलेला नाही. प्राध्यापक प्राध्यापकांशी बोलतो तसं ते बोलतात : हायेक, फ्रीडमन, कारणमीमांसेचे प्रकार. सिद्धांतांनी अनुभवाचा गळा घोटला, हे सांगतानाही त्यांना सिद्धांताचीच भाषा वापरावी लागते. टपरीवरची गोष्ट याही पानांत येत नाही.

ती येते त्यांच्या एका भाषणात, जे इंटरनेटवर अजून फिरत असतं. त्यात ते सांगतात : दर उन्हाळ्यात मी कोलकात्याला जातो. उकाडा, घाम. सुट्टीतला बहुतेक वेळ मी थकलेला, पडून असतो. आणि वसंतात मी फाँतेनब्लोच्या जंगलात जातो, तेव्हा नुसतं चालावंसं वाटत नाही, पळावंसं वाटतं. माणूस तोच. बहुतेक कंपन्या आपल्या माणसांसाठी कोलकात्याचा उन्हाळा तयार करतात, आणि मग म्हणतात, माणसं आळशी आहेत. किती सुंदर बोललेत! एका उदाहरणात पूर्ण निबंध. पण प्रकाशाला मे महिन्यात बसून ते ऐकलं की हसूही येतं. सुट्टीला आलेला माणूस उन्हाळ्यात झोपून राहू शकतो. आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला पोचलेला असताना पपईच्या ओळींमध्ये निंदणी चाललेली असते. त्या बायकांना कुणी फाँतेनब्लोचं तिकीट दिलेलं नाही आणि त्या पडूनही राहिलेल्या नाहीत. घोषाल यांच्या उदाहरणातला माणूससुद्धा शेवटी व्यवस्थापकच आहे.

हीच अडचण मला 'रीथिंकिंग द एमबीए'मध्येही दिसते. श्रीकांत दातार यांनी डेव्हिड गार्विन आणि पॅट्रिक कलन यांच्याबरोबर २०१० साली हे पुस्तक लिहिलं. दातार हे नाव आपल्याकडे आता बऱ्याच जणांना माहीत आहे : मुंबई विद्यापीठ, सनदी लेखापाल, अहमदाबादच्या आयआयएमचं सुवर्णपदक, स्टॅनफर्डची पीएचडी आणि २०२१ च्या जानेवारीपासून हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन. पुस्तकाचा गाभा तीन शब्दांत आहे : जाणणं, करणं, असणं. बिझनेस स्कूलं जाणण्यात बुडाली. करणं, म्हणजे हाताला लागणारं कौशल्य, आणि असणं, म्हणजे स्वतःची मूल्यं नि आपल्या कृतीचे इतरांवर होणारे परिणाम ओळखणं, हे मागे पडलं. निदान अचूक आहे. नंतर हार्वर्डने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर, दुसऱ्या देशांत पाठवायला सुरुवात केली, ती याच विचाराच्या ओघात.

पण हे निदान करताना लेखकांनी कुणाला विचारलं? डीनना आणि कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना. अभ्यासक्रम तपासले, निवडक स्कूलं जवळून पाहिली. व्यवस्थापकाच्या 'असण्या'चा ज्यांना रोज अनुभव येतो, म्हणजे त्याच्या हाताखालची, त्याच्या निर्णयाने घरी बसणारी माणसं, त्यांना साक्षीला बोलावलेलं नाही. डॉक्टर कसा आहे हे फक्त डॉक्टरांना विचारल्यासारखं झालं. पुस्तक आर्थिक मंदीच्या ऐन तडाख्यानंतर आलं आहे, म्हणून ही उणीव जास्त जाणवते.

सी. के. प्रल्हाद यांचं नाव घेतल्याशिवाय इथून पुढे जाता येत नाही. एकोणिसाव्या वर्षी युनियन कार्बाइडच्या मद्रासच्या कारखान्यात कामाला लागलेला हा माणूस पुढे मिशिगन विद्यापीठातला स्ट्रॅटेजीचा मोठा प्राध्यापक झाला. २००४ च्या पुस्तकात त्यांनी पिरॅमिडच्या तळाच्या गरिबांना स्ट्रॅटेजीच्या पानावर आणलं, हे त्यांचं मोठेपण. आणलं मात्र गिऱ्हाईक म्हणून. मिशिगनमधलेच अनिल कर्नानी यांनी यावर बोट ठेवलं : गरिबाला विकण्यापेक्षा त्याच्याकडून विकत घ्या, त्याला उत्पादक म्हणून पाहा, त्याची मिळकत वाढू द्या. हा वाद मला पूर्वी तात्त्विक वाटायचा.

आता शहाद्याकडे येतो. प्रकाशाहून बसमध्ये बसलं की अर्ध्या तासाच्या आत शहादा येतं, आणि कंपनीतून पुस्तकाकडे वळलेल्या मराठी माणसांमधलं सर्वांत ठळक नाव याच गावातून एकदा जाऊन आलेलं आहे.

अच्युत गोडबोले. सोलापूरचा मुलगा, १९७२ साली आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअर. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये अगदी वरच्या पदांपर्यंत गेले. मग लिहायला लागले आणि थांबलेच नाहीत. संगणकाची इंग्रजी पाठ्यपुस्तकं तर आहेतच. पण मराठीत विज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित, आणि अतुल कहाते यांच्यासोबत व्यवस्थापन आणि उद्योगांवरचं 'बोर्डरूम'. इंग्रजीला बिचकणाऱ्या कितीतरी मुलांना, माझ्यासकट, मॅनेजमेंट म्हणजे काय हे पहिल्यांदा अशा मराठी पुस्तकांतून कळलं. त्यांच्यासारखी शिकवणी वर्गातल्या एखाद्याच प्राध्यापकाने केली असेल.

पण या सगळ्याच्या आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ते शहाद्याला आले होते. भिल्ल आदिवासींच्या चळवळीत. त्यासाठी दहा दिवस तुरुंगातही होते. हे त्यांच्या 'मुसाफिर' या आत्मकथनात आहे.

ती चळवळ कशासाठी होती हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही. हातची गेलेली जमीन, सालदारांची मजुरी, बायकांवरचे अत्याचार. सालदार म्हणजे वर्षभराच्या ठरावावर शेतात राबणारा गडी. अंबरसिंग सुरतवंती यांनी माणसं जागी केली. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. शहरातली शिकलेली तरुण मुलं येऊन मिसळली. समोर कोण होतं? जमीनवाले. आजोबांच्या काळात आमच्याही घरी सालदार होते. 'मुसाफिर'मधला शहाद्याचा भाग मी दोनदा वाचला. पहिल्यांदा अभिमानाने, आपल्या तालुक्याचं नाव आलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा मान खाली घालून.

समीक्षक म्हणून माझं म्हणणं असं. 'मुसाफिर' प्रामाणिक आहे, आपलं अपयश आणि खचलेपण लपवत नाही, आणि म्हणूनच इतक्या तरुणांनी ते उराशी धरलं. पण त्यात शहादा हा एक मुक्काम आहे. गाडी पुढे जाते, स्टेशन मागे राहतं. कंपनीच्या केबिनमध्ये बसून माणसं नेमताना, काढताना, पगार ठरवताना ते दहा दिवस पुन्हा भेटायला आले का, हा प्रश्न मला छळतो, आणि पुस्तक त्यावर माझ्यापुरतं पुरेसं थांबत नाही. 'बोर्डरूम'मध्ये तर शहादा शोधणं अन्यायाचंच. त्या पुस्तकाचा तो विषय नाही. तरी मोह होतो. कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून आलेला असा दुसरा लेखक आपल्याकडे नाही. घोषाल यांनी जे सिद्धांताच्या भाषेत मांडलं, ते मराठीत प्रसंगातून सांगू शकणारा हाच माणूस होता. त्यांनी आपल्याला जगभरचं ज्ञान आणून दिलं. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातला हा सांधा मात्र न उलगडता राहिला, असं मला वाटतं. वाचकाची ही हाव असेल. असू दे.

गेल्या दिवाळीत घरी होतो. जुनी फाइल लॅपटॉपवर उघडली. पाच रकाने, मजुरी चौथी. निंदणीला येणाऱ्या बायकांमध्ये एक मावशी आहेत, मी लहान असल्यापासून येणाऱ्या, वर धडगावकडच्या. त्यांना विचारलं, तोड बंद पडली की तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, "तोड तर व्यापाऱ्याची माणसं करतात. आम्ही गुजरातकडे बघतो."

मग जे कळलं ते असं. ऊसतोडीचा मुकादम दिवाळीच्या आसपास फोन करतो. उचल देतो. उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत तिकडचं बांधील. नाही घेतली तर इथे निंदणी, कापूस वेचणी, मिळेल ते, पण रोज मिळेलच असं नाही. पोरगी आश्रमशाळेत आहे. ती इथे राहील की बरोबर येईल? मागच्या वर्षी ज्या मुकादमाबरोबर गेलो त्याने हिशोबात घोळ केला. नवा जास्त उचल देतोय, पण त्याला कुणी ओळखत नाही. इथल्या शेतकऱ्याला दुखावलं तर चैत्रात काम कोण देणार? आणि पपईचा दर पडला तर इथला शेतकरी मजूर कमी करणार, हेही त्यांना ठाऊक. म्हणून बाजार समितीत काय ठरलं याची चौकशी त्या आबांच्या आधी करतात.

माहिती अपुरी, वेळ कमी, दोन्हीकडे धोका, घेतलेला निर्णय परत फिरवता येत नाही. स्ट्रॅटेजीच्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर हेच चार मुद्दे लिहिले होते.

रात्री मी केसचं पहिलं पान नव्याने लिहिलं. त्यात खिडकी नाही. ओट्यावर फोन चार्जिंगला लावलेला आहे आणि सोमवारी सकाळी मुकादमाला हो की नाही ते कळवायचं आहे. ते पान सरांना पाठवलं. त्यांची मुदत संपून आता वर्ष झालं. ते सध्या कुठे शिकवत नाहीत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, टपरीवरच्या सरांचं : "हे चांगलं आहे. पण आकडे कुठेत? मुकादम किती देतो ते लिहिलंयस, तुझे वडील रोज किती देतात ते नाही. त्याशिवाय ती ठरवणार कशी?"

माझ्या पहिल्या केसमध्ये मजुरीचा आकडा होता, एकरी. रोज किती, ते मी कधी विचारलंच नव्हतं. पडवीत जाऊन आबांना विचारलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. आकडा सांगितला. बायांचा वेगळा, गड्यांचा वेगळा. मग म्हणाले, "हे कुठे छापणार आहेस?"